तांबोशीची एक्केचाळीस पिल्लं

नोटीस जाळ्याच्या खोपटाच्या दारावर चिकटवली होती, आणि तीही इतकी खळ फासून की फाडायची म्हटली तर दाराचा रंगच सोबत निघाला असता. आत्याने ती तीनदा वाचली. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, कारण आतोबा मागे उभा राहून "काय लिहिलंय, काय लिहिलंय" करत होता.

लिहिलं होतं ते असं. खाडीच्या तोंडाशी किनाऱ्यावरून ओढायच्या बारीक जाळ्यांना आजपासून दोन वर्षं बंदी. मत्स्य सर्वेक्षण केंद्राने हिवाळाभर पाहणी केली, तीत या जाळ्यांत सापडणाऱ्या शंभर माशांपैकी अडुसष्ट ही तांबोशीची पिल्लं निघाली. खोल समुद्रातली तांबोशी दरवर्षी कमी होत चालली आहे, ती का, ते यावरून स्पष्ट होतं. खाली तीन नावं. पहिलं साहेबांचं, दुसरं मुख्यालयातल्या कुणा तज्ज्ञाचं, आणि तिसरं, 'नमुने गोळा करणारे' या शब्दांपुढे, मुंगीएवढ्या अक्षरांत, बारकीचं. शाळेच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव.

"आपली बारकी?" आतोबा म्हणाला.

"नाही, शेजाऱ्यांची," आत्या म्हणाली, आणि चष्मा काढून तो पुसत बसली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

बारकी ही तिच्या भावाची मुलगी. ती चार वर्षांची असताना आई गेली, बाप मालवाहू जहाजांवर, वर्षातून महिनाभर घरी. तेव्हापासून पोर आत्याकडे. बारकी बारकी म्हणता म्हणता साडेपाच फूट उंच झाली, शिकली, केंद्रात कराराने नोकरीला लागली, तरी नाव बारकीच राहिलं. आणि बारकीची आत्या ती सगळ्या वस्तीची आत्या झाली.

गेला सगळा हिवाळा ही बारकी आठवड्यातून दोनदा काचेच्या बरण्या घेऊन किनाऱ्यावर यायची. थंड पाण्यात कंबरेपर्यंत कोण उतरायचं? आत्या. जाळं कुणाचं? आत्याचं. मिळालेल्यातला मूठभर मासा बरणीत घालून त्यावर झाकण घट्ट फिरवून द्यायचं कुणी? तेही आत्यानेच. आणि वर पोरीला गरम चहा. म्हणजे आपल्याच गळ्याचं माप आपणच काढून दिलं, आणि तेही हौसेने.

वस्तीत अशी जाळी सहा घरांत होती. दुपारपर्यंत सहाही घरांतल्या बायका खोपटापाशी जमल्या. सगळ्यांनी नोटिशीखालचं ते तिसरं नाव वाचलं. शेवटी पलीकडची जाळेवाली, जी आत्याच्याच वयाची आणि तोंडाने तिखट, तेवढं म्हणाली, "शिकवलंस हो भाचीला. चांगलं शिकवलंस."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसची वाट पाहायची तर राग निवेल, म्हणून ती चालतच निघाली.

केंद्राची इमारत बंदराच्या मागे. तळमजल्यावर लांबच लांब टेबल, टोकाला दगडी मोरी, आणि डोळ्यांत पाणी आणणारा औषधाचा वास. बारकी पांढऱ्या ताटलीवर वाकून चिमट्याने काहीतरी निवडत होती. आत्याला पाहून ती उठली.

"ये ना. बस. चहा सांगू?"

"तुझा चहा घाल त्या बरण्यांत."

बारकी बसली नाही. "नोटीस पाहिलीस."

"पाहिली. तुझं नावही पाहिलं. छान छापलंय."

"आत्या, मी फक्त नमुने गोळा केले. कुठला मासा कोणता, हे मुख्यालयात ठरतं. आम्ही बरण्यांतल्या माशांचे फोटो काढून पाठवतो, तिथे बघतात."

"फोटो बघून?"

"हो."

आत्याने फळीवरची एक बरणी उतरवली. आतले मासे बोटाच्या दोन पेरांएवढे, औषधात पडून पडून खडूसारखे पांढरे. जिवंतपणी अंगावर असतात ते उभेआडवे पट्टे गेलेले, शेपटीच्या बुंध्याचा काळा ठिपकाही जेमतेम. तिने झाकण उघडलं, वासाने डोळे मिटले, आणि दोन बोटं आत घालून एक मासा उचलला.

"अगं, हातमोजे घाल!"

"मेलेल्याला कसले मोजे." तिने मासा तळहातावर आडवा ठेवला. पाठीवरचे पर अंगाला चिकटून बसले होते. तिने अंगठ्याचं नख घालून ते हळूच उभे केले. "बघ. हा एक. मधे फट. हा दुसरा. दोन पर वेगवेगळे. तांबोशीच्या पाठीवर एकच पर असतो, डोक्यामागून निघाला की सलग शेपटीपर्यंत. ही टपोरी आहे. ही एवढीच होते, एवढीच मरते. हे पिल्लू नाही, ही म्हातारी असेल कदाचित. तुला कितव्या वर्षी शिकवलं होतं मी हे?"

"सहाव्या."

"मग?"

नळ थेंब थेंब गळत होता, तो बारकीने जाऊन घट्ट केला. मग पाठमोरीच म्हणाली, "आकडा बघितला तेव्हाच मला कळलं होतं. आपल्या जाळ्यात एवढी तांबोशी कधीच नसते."

"कधी बघितलास आकडा?"

"दीड महिना झाला."

आत्याला वाटलं होतं की पोरगी म्हणेल, मला काय माहीत, वरच्यांनी केलं. तसं म्हणाली असती तर दोन शिव्या देऊन तिला जवळ घेतलं असतं. पण हिला माहीत होतं. दीड महिना माहीत होतं, आणि त्या दीड महिन्यात ही दर रविवारी जेवायला घरी येत होती, ताट पुढे करत होती, "अजून वाढ" म्हणत होती.

"माझा करार महिनाअखेरीस संपतोय," बारकी म्हणाली. "पुढे न्यायचा की नाही ते साहेब ठरवतात. त्यांच्या अहवालात चूक आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने माझ्या घरी जेवत होतीस त्याच. केसाने गळा कापलास गं माझा."

"आत्या—"

"आत्या म्हणू नकोस. साहेब कुठे बसतात?"

साहेब वरच्या मजल्यावर बसत होते. गोल चेहऱ्याचा, थकलेला, वाईट म्हणता येणार नाही असा माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि आत्या बोलत असताना दोनदा घड्याळ पाहिलं.

"टपोरी?" ते हसले. "टपोरी म्हणजे गुंड ना?"

"डोळे टपोरे असतात तिचे, म्हणून टपोरी. गुंड कोण ते अजून ठरायचंय."

शिपायाने पाण्याचा पेला ठेवता ठेवता हसू दाबलं. साहेबांचं हसू मात्र गेलं.

"हे बघा बाई, तुमची कळकळ समजते. पण लहान मासा दिसला की लोक त्याला वेगळं नाव देतात आणि म्हणतात ही जातच लहान. पिल्लं आणि जात यांतला फरक ओळखायला शास्त्र लागतं."

"मग शास्त्र घेऊन उद्या सकाळी किनाऱ्यावर या. ओहोटी सातला आहे."

"अहवाल वर गेलाय. हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी अर्ज करा. सोबत पुरावा जोडा."

"मासा जोडू का टाचणीने?"

साहेब उभे राहिले. म्हणजे आता आत्यानेही उभं राहायचं होतं.

घरी येऊन तिने भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. आतोबा मोडक्या खुर्चीत बसून दुखरा गुडघा चोळत होता. तो आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त करत आला, तेव्हा आवाज करणाऱ्या वस्तूच्या फार जवळ जायचं नाही हे त्याला कळत होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सकाळी बारकी येईल."

"आली तर पाण्यात बुडवीन."

बारकी आली. सात वाजता, गमबूट घालून, दोन बादल्या, पांढऱ्या ताटल्या, भिंग आणि एक कागद घेऊन. कागद तिने आत्याच्या नाकापुढे धरला. नमुने घ्यायचा परवाना, तिच्या नावाचा, महिनाअखेरपर्यंत चालणारा.

"आज जाळं टाकलं तर कुणी अडवू शकत नाही," ती म्हणाली. "पुरावा पाहिजे ना त्यांना?"

आत्या तिच्याशी बोलली नाही. कपडे खोचले, जाळ्याचं टोक खांद्यावर घेतलं आणि पाण्यात शिरली. दुसरं टोक आतोबाने धरायचं ते बारकीने धरलं. पाणी कंबरेला लागेपर्यंत आत, मग किनाऱ्याला समांतर चाळीस पावलं, मग अर्धगोल वळून परत. तळाची शिशाची दोरी वाळूवरून घासत यायला हवी, जरा उचलली गेली की खालून सगळं निसटतं. बारकीचं टोक उचललं जात होतं.

"खाली धर!" आत्या ओरडली. सकाळपासूनचा हा पहिला शब्द. "नोकरी लागली तर हात विसरलीस काय?"

जाळ्याचा घोळ वाळूवर आला तेव्हा त्यात चांदीसारखी तडतड चालली होती. ती त्यांनी पाण्याने भरलेल्या बादलीत ओतली आणि दोघी ताटल्या पुढे घेऊन ओल्या वाळूवर बसल्या. बारकी एकेक मासा भिंगाखाली धरायची, टाचणीने पर उभा करायची, पोटाखालच्या परातले काटे मोजायची आणि वहीत रेघ मारायची. आत्या नुसती पाठीवरून बोट फिरवायची. तिची ताटली आधी भरत होती.

"दोन पर, खाली दोन काटे. टपोरी," बारकी म्हणायची.

"मी कधीच सांगितलं."

"दोन पर, खाली दोन काटे. टपोरी."

"पुढे चल."

साठाव्या की सत्तराव्या माशाला बारकी थांबली. मासा तिच्या ओल्या तळहातावर होता आणि त्याचा गळा फुगला होता, सुपारी भरल्यासारखा. तिने चिमट्याचं टोक लावून तोंड किंचित उघडलं. आत नारिंगी गोळा होता, खसखशीएवढ्या दाण्यांचा, आणि नीट पाहिलं तर दर दाण्यात दोन काळे ठिपके. पिल्लांचे डोळे.

"नर आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज नकळत उतरला. "टपोरीचा नर अंडी तोंडात सांभाळतो. फुटेपर्यंत काही खात नाही. पाण्याबाहेर घाबरला की थुंकून टाकतो, म्हणून तुमच्या बरणीत सगळे रिकाम्या तोंडाचे." आणि मग राग परत आला. "पोराच्या तोंडात पोर असतं का गं? विचार तुझ्या साहेबांना. जा, विचार."

बारकीने मासा पाण्यात ठेवून त्याचे फोटो काढले. त्यानंतर असे आणखी अकरा निघाले.

आत्याला आता मोकळं वाटायला हवं होतं. तेवढ्यात बारकीने एक मासा उचलला, भिंगाखाली धरला, आणि ताटलीत न टाकता वेगळ्या वाटीत ठेवला. मग दुसरा. मग आणखी एक.

"ते काय?" आत्याने विचारलं.

"तूच सांग."

आत्याने वाटीतला मासा घेतला. तोंड जरा निमुळतं. पाठीवर एकच पर, सलग. पोटाखाली तीन काटे. अंगावर तांबूस झाक, अजून रंग धरायचा होता. सांगायची गरजच नव्हती.

"तांबोशी," ती म्हणाली. "असतात दोनचार. मी बघितल्या की सोडून देते."

"दोनचार नाहीत."

मोजणी संपली तेव्हा ऊन चढलं होतं. एकूण तीनशे बारा मासे. त्यांत तांबोशीची पिल्लं एक्केचाळीस.

"शंभरात तेरा," बारकी म्हणाली. "अडुसष्ट नाही. तेरा."

"ते वाटीतले पाण्यात सोड."

"सोडते. वहीत लिहिलेत."

"खोड."

"आत्या."

"खोड म्हणते ना! त्यांनी अडुसष्टच्या अडुसष्ट खोटे लिहिले ते चाललं, आणि मी एक्केचाळीस खरे लिहून माझ्याच हाताने माझं जाळं त्यांना देऊ? दीड महिना तुझं तोंड शिवलेलं होतं, आजच सत्याचा पुळका आला का?"

बारकीने वही मिटून मांडीवर ठेवली. "दीड महिना गप्प बसले ती चूकच झाली माझी. म्हणून आज पुन्हा गप्प बसू? गेल्या वर्षी तू किती सोडल्यास? खरं सांग. प्रत्येक वेळी बघतेस पाठीवरून बोट फिरवून?"

उत्तर दोघींना माहीत होतं. दोन माणसांनी सकाळभरात ओढलेला मासा एकेक करून कोण तपासणार? सगळा एकत्र वाळत घालायचा. वाळल्यावर टपोरी काय आणि तांबोशी काय, एकाच पोत्यात. दर वेळी एक्केचाळीस. महिन्यात आठ दहा वेळा. असा हिवाळा, असे तीस हिवाळे. तिचा बाप दोन्ही हातांनी पोटाशी धरून तांबोशी आणायचा, लाल, मुलाएवढी. हल्ली बोटी चार चार दिवस बाहेर राहतात तेव्हा कुठे तशी एखादी येते, आणि आली की सगळी वस्ती बघायला जाते. मोठ्या बोटी समुद्र खरवडून नेतात, हे ती आयुष्यभर बोलत आली होती, आणि ते खोटं नव्हतं. पण खोपटामागच्या पोत्यांकडे तिने त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

तिला बारकीचा राग आला. साहेबांचा आला. आणि या दोघांहून मोठा, कुणावर काढावा ते कळू नये असा एक राग आला, तो तिने वाटीवर काढला. वाटी उचलून ती पाण्यात गेली आणि एक्केचाळीस पिल्लं तिने खाडीच्या बाजूला, लव्हाळ्यांच्या मुळांशी ओतली. वाटीही तिथेच भिरकावली. मग ती परत जाऊन उचलून आणावी लागली.

"राहू दे लिहिलेलं," ती म्हणाली. "आणि त्याखाली हेही लिही की लव्हाळ्यांच्या अंगाला जाळं ओढलं की पिल्लं जास्त येतात. मोकळ्या वाळूवर येत नाहीत. त्यांना ते फोटोत दिसणार नाही."

दुपारी दोघी वासासकट केंद्रात गेल्या. एका बादलीत जिवंत टपोऱ्या, सोबत वही, फोटो आणि अर्ज. शिपायाने बादली वर न्यायला मनाई केली, तेव्हा आत्याने ती त्याच्याच हातात दिली आणि म्हणाली, "मग तुम्ही न्या." तो बिचारा नेऊ लागला.

साहेबांनी मासा ताटलीत घेतला, चष्मा कपाळावर ढकलला, आणि टाचणीने पर उभा केला. एक. मग दुसरा. त्यांनी आणखी तीन मासे पाहिले. मग वही चाळली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"ही एक्केचाळीस?"

"ती तांबोशीची. आम्ही लपवली नाहीत."

"म्हणजे पिल्लं मिळतात, हे तुम्हालाही मान्य आहे."

"तेरा मान्य आहेत. अडुसष्ट नाहीत. तुमच्या पगारातून कुणी तेराऐवजी अडुसष्ट कापले तर साहेब, तुम्ही तीस दिवसांचा अर्ज कराल की ओरडाल?"

साहेब बारकीकडे वळले. "हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?"

बारकी म्हणाली, "घाबरले होते, सर."

"आता घाबरत नाही वाटतं."

बारकीने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

सुधारित आदेश पाच आठवड्यांनी आला. दोन वर्षांची बंदी उठली. लव्हाळ्यांच्या बाजूला मात्र बारमाही बंदी, आणि पिल्लं येण्याच्या दोन महिन्यांत मोकळ्या वाळूवरही जाळं नको. वस्तीतल्या बायकांनी सुस्कारे टाकले, तोंडाळ जाळेवालीने तर आत्याचा हात धरला. आत्याने आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. 'नमुन्यांची फेरतपासणी मुख्यालयातील तज्ज्ञांनी केली.' बारकीचं नाव कुठेच नव्हतं. मुंगीएवढ्या अक्षरांतही नाही. आणि महिनाअखेरीस तिचा करार संपला तो संपलाच. जागा रिकामी होती, पण ती 'तूर्तास भरायची नाही' असं ठरलं.

"चूक छापली तेव्हा नाव होतं पोरीचं," आत्या आतोबाला म्हणाली. "दुरुस्ती छापली तेव्हा गेलं कुठे?"

ती पुन्हा केंद्रात गेली. या वेळी साहेबांच्या खोलीत शिरलीच नाही. बाहेरच्या बाकावर, दाराच्या बरोबर समोर, मांडीवर पिशवी घेऊन बसली. साहेब अकराला बाहेर आले, एकला आले, तीनला आले.

"आता काय?"

"काही नाही. बसलेय. तिला कामावर घ्या, मग उठते."

"बाई, ते माझ्या हातात नाही."

"संपवायचं हातात होतं."

साडेचारला बारकी धावत आली. शिपायाने फोन केला होता. ती बाकासमोर उकिडवी बसली, लहानपणी चप्पल घालताना बसायची तशी.

"आत्या, चल घरी. मला नकोय ती नोकरी."

"तुला नको असेल. मला हवी आहे," आत्या म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून, आत ऐकू जाईल असा आवाज चढवून, "टपोरी आणि तांबोशी ओळखणारं एक तरी माणूस या इमारतीत पाहिजे की नको?"

दुसऱ्या दिवशीही ती बसली. तिसऱ्या दिवशी पलीकडची जाळेवाली सोबत आली, चौथ्या दिवशी सहाही घरांतल्या बायका, आणि बाक पुरेना. पाचव्या दिवशी केंद्राने बारकीला सहा महिन्यांसाठी घेतलं, रोजंदारीवर, पूर्वीपेक्षा कमी पगारात. मुख्यालयाला जाणाऱ्या प्रत्येक फोटोत पर टाचणीने उभा केलेला असावा, असा एक नवा नियमही झाला. तो कुणी सुचवला हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

आत्या पुढचे कितीतरी दिवस बारकीशी तुटकच बोलत राहिली. दीड महिना ती विसरली नव्हती, आणि विसरल्याचं सोंगही तिला आणता येत नव्हतं. पण रविवारी बारकी जेवायला आली तेव्हा तिने ताट वाढलं, आणि पोरीने काही मागायच्या आत पुन्हा वाढलं.

"पुरे, आत्या."

"खा मुकाट्याने. त्या दिवशी जाळ्याची दोरी उचलली जात होती तुझी. हातात जोर नाही."